देह समोर आणा

हिवाळ्यात शहपुऱ्याकडून जबलपूरकडे मटाराच्या गोण्या जातात आणि बारा महिने माणसं कोर्टाचे कागद घेऊन जातात. त्या कागदांत केवढी लॅटिन दडलेली असते! ॲफिडेव्हिट, एक्स-पार्टी, ॲड-हॉक. दोन पक्षांच्या नावांमधला ‘वर्सेस’सुद्धा लॅटिनच. आपल्याकडे मुलाला ‘बोनाफाईड आण’ म्हणून सांगणाऱ्या आईला रोम आठवत नाही. शब्द असा रुळला की तो आपलाच.

पण हेबियस कॉर्पस नुसता रुळून भागत नाही. देह समोर आणा, एवढाच त्याचा अर्थ. कोंडलेला माणूस न्यायाधीशापुढे उभा करा आणि त्याला का धरलं ते सांगा. शहपुरा ज्या जबलपूर जिल्ह्याची तहसील आहे, त्याच जिल्ह्याच्या नावावर या दोन शब्दांची सर्वांत कठोर परीक्षा झाली.

१९५६ साली राज्यं नव्यानं आखली गेली, तेव्हा नागपूर हायकोर्टाचे शेवटचे मुख्य न्यायमूर्ती हिदायतुल्ला जबलपूरला येऊन मध्य प्रदेशचे पहिले झाले. त्यानंतर वीस वर्षांच्या आत आणीबाणी आली. मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली धरलेल्यांच्या अर्जांना सरकारचं एकच उत्तर होतं: राष्ट्रपतींच्या आदेशामुळे कोर्टात दाद मागायची सोयच उरलेली नाही. जबलपूरच्या हायकोर्टानं ते मानलं नाही, इतरही काही हायकोर्टांनी मानलं नाही. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. तिथं न्यायमूर्ती खन्ना यांनी विचारलं, पोलिसानं वैरापोटी कुणाचा जीव घेतला तर? ॲटर्नी जनरल निरेन डे यांचं म्हणणं पडलं की आणीबाणी आहे तोवर त्यावरही इलाज नाही. हे वाचताना आजही अंगावर काटा येतो.

२८ एप्रिल १९७६. निकाल लागला: चौघे न्यायमूर्ती सरकारच्या बाजूनं, एकटे खन्ना विरोधात. पुढच्या जानेवारीत खन्नांची ज्येष्ठता डावलून त्या चौघांतल्या बेग यांना सरन्यायाधीश केलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. चौघांत आपले यशवंत चंद्रचूडही होते, याचं मला फार वाईट वाटतं. २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणाच्या निकालात तो निर्णय चुकीचा ठरवून रद्द करणारे शब्द लिहिले ते त्यांच्याच मुलानं, धनंजय चंद्रचूड यांनी.

वकील या खटल्याला नुसतं ‘एडीएम जबलपूर’ म्हणतात. संक्षेपात ॲडिशनल डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेट हे अधिकाऱ्याचं पद राहिलं, गावाचं नाव राहिलं, आणि वर्सेसच्या पलीकडचा माणूस गळून पडला. अटकेत असलेला तो माणूस म्हणजे शिवकांत शुक्ल. देह समोर आणा, ही मागणी त्याची होती. म्हणून या खटल्याचं नाव घेताना मी ते उलट्या बाजूनं घेते: शिवकांत शुक्ल, आणि मग जबलपूरचे एडीएम.