मेढ कुठे रोवायची

मुहूर्तमेढ हा शब्द आम्ही वर्गात वर्षाला निदान पंचवीस वेळा उच्चारत असू. मराठी कादंबरीची मुहूर्तमेढ, नवकाव्याची मुहूर्तमेढ, ग्रामीण साहित्याची मुहूर्तमेढ. विद्यार्थी तो मुकाट्याने उतरवून घेतात आणि उत्तरपत्रिकेत ऱ्हस्वदीर्घाची अदलाबदल करून आम्हांला परत करतात. मेढ म्हणजे खांब, तो जमिनीत रोवावा लागतो आणि रोवण्यासाठी आधी खड्डा खणावा लागतो, ह्या तपशिलाशी मात्र आमचा कित्येक वर्षांत संबंध आला नव्हता. तो आला २०२५ च्या जानेवारीत. धाकट्या पुतणीचे लग्न मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात करायचे ठरले आणि वहिनींचा फोन आला, "मांडवाची जागा तेवढी तुम्ही दोघं बघा. बाकीचं मी बघते."

आम्ही दोघे म्हणजे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवणारे नवराबायको. (वहिनी ह्या आमच्यापैकी एकाच्या वहिनी आणि दुसरीच्या जाऊबाई, लेखाच्या सोयीसाठी दोघांच्याही वहिनीच.) त्या सातारा जिल्ह्यातल्या आमच्या मूळ गावी राहतात, अंगणवाडीत सेविका आहेत. दादा २०२१ च्या मे महिन्यात करोनाने गेले. त्याच्या तीनच आठवडे आधी थोरल्या पुतणीचे लग्न झाले होते. त्या एप्रिलअखेरीचे सरकारी निर्बंध वाचकांना आठवत असतील : लग्न एकाच सभागृहात, दोन तासांच्या आत, माणसे पंचवीस, आणि नियम मोडला तर पन्नास हजार रुपये दंड. पंचविसांत भटजींना धरायचे की नाही, यावर दादांनी आमच्याशी अर्धा तास चर्चा केली होती. भावकीतले कोणीच आले नाही, कारण कोणाला बोलावताच आले नाही. शेजारच्या घरातल्या आक्का, म्हणजे दादांच्या सख्ख्या चुलती, उंबऱ्यात उभ्या राहून गाडी जाताना बघत होत्या. तेव्हा ह्या लग्नाला सगळ्यांना बोलवायचे, सहाशे पाने उठली तरी चालतील, एवढे वहिनींनी आधीच ठरवून टाकले होते. प्रश्न होता तो जागेचा.

आम्ही जागा बघायला निघालो ते रविवार पकडून. आमच्या भागात आता लग्नाच्या जागा म्हणजे मुख्यतः दोन : शहरातली मंगल कार्यालये आणि महामार्गालगतची लॉन्स. कार्यालय ह्या शब्दाची मराठीत मोठी गंमत आहे. तहसीलदार बसतो तेही कार्यालय आणि वधूवर बसतात तेही कार्यालय. मधला फरक काय तो 'मंगल' ह्या तीन अक्षरांचा. दोन्हीकडे वेळ ठरलेली, अनामत भरलेली, आणि वेळ संपली की शिपाई दिवे मालवायला लागतो. आम्ही पाहिलेल्या एका कार्यालयात सीमांतपूजनासाठी वेगळी खोली होती. वरपक्ष गावाच्या वेशीवर पोचला की तिथे त्याचे स्वागत करायचे, हा त्या विधीचा मूळ अर्थ. इथे सीमा म्हणजे जिन्याच्या उजवीकडचे दार, आणि पूजन आटोपून वरपक्ष जातो तो डावीकडच्या दारात. आणि मांडवपरतणीचे काय? लग्नानंतर मुलगी नवऱ्याला घेऊन मांडवात परत येते, असे ती म्हणते. परतायला मांडव उभा असावा लागतो. चोवीस तासांच्या भाड्याच्या मांडवात दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच मुलीला हळद लागलेली असते.

हे असले विचार प्राध्यापकांना सुचतात, आणि सुचले तरी त्यांचा निर्णयावर फारसा परिणाम होत नाही. आम्हांला एक लॉन मनापासून आवडले. चारी बाजूंनी मोकळे, मधोमध मोठा शामियाना, गाड्या लावायला ऐसपैस जागा, जनरेटर, स्वच्छ संडास. आम्ही बाहेर पडायच्या वाटा मोजल्या. त्याला कारण होते. २३ जानेवारी २००४ रोजी तमिळनाडूत श्रीरंगम इथे एका विवाहगृहाच्या वरच्या मजल्यावर झावळ्यांचा मांडव घातला होता. त्याला आग लागून पन्नासहून अधिक माणसे गेली, त्यांत नवरदेवही होता. त्याआधी १९९५ च्या डिसेंबरात हरियाणातल्या डबवालीला शाळेच्या समारंभाचा कापडी मांडव पेटला आणि चारशेहून अधिक बळी गेले, बहुतेक मुले. दोन्ही बातम्या वाचल्याचे आमच्या चांगले लक्षात होते. मांडव ही मुळात सुतळी, बांबू, कापड आणि वाळलेला पाला ह्यांची वस्तू. त्यात विजेच्या माळा सोडायच्या आणि एका तोंडाने माणसे आत कोंबायची, ही कल्पना आम्हांला सोसवेना. लॉनला सहा वाटा होत्या.

व्यवस्थापक तरुण आणि अदबशीर होता. पावसाचे विचारले तेव्हा त्याने पत्र्याचा हॉल दाखवला. विधींचे विचारले तेव्हा एका खोलीचे कुलूप काढून सोनेरी रंग दिलेला तेलाचा डबा दाखवला. डब्यात वाळू भरलेली, वाळूत लाकडी खांब, खांबाला प्लास्टिकचे आंब्याचे डहाळे. "ही मुहूर्तमेढ, सर. रेडी असते. तुम्ही फक्त हळदकुंकू वाहायचं."

आम्ही हसलो, पण आतून आम्हांला सुटल्यासारखे वाटले, हे इथे कबूल केले पाहिजे. मुहूर्तमेढ वधूच्या आईवडिलांनी रोवायची असते. वडील नसले तर चुलताचुलती. म्हणजे आम्ही. विधवा आईने मेढीला हात लावायचा नसतो, हे आमच्या भावकीत कोणी बोलून दाखवत नाही. न बोलताच ते पाळले जाते. गावात, दारात, सगळ्यांच्या देखत वहिनींना बाजूला उभे करून आम्ही यजमान म्हणून पाटावर बसलो असतो, तर आमची आम्हांलाच लाज वाटली असती. इथे, महामार्गाच्या कडेला, तसे काही वाटायचे कारण नव्हते. कुलूपबंद खोलीतला डबा, पाच मिनिटांचे काम. ताराबाई शिंद्यांचे १८८२ चे 'स्त्रीपुरुष तुलना' आम्ही एम. ए.च्या वर्गाला शिकवतो. एका विधवेवरच्या खटल्याने आणि त्यावरून उठलेल्या ओरड्याने संतापून बुलढाण्याच्या ह्या बाईने ते लिहिले, हा संदर्भ सांगताना आमचा आवाज चढतो. लॉनची अनामत विचारताना तो आवाज अगदी बेताचा होता.

अनामत भरण्यापूर्वी वहिनींना सांगायला गावी गेलो. त्या ओट्यावर ज्वारी पाखडत बसल्या होत्या. आम्ही गाड्यांची सोय सांगितली, सहा वाटा सांगितल्या, श्रीरंगमही सांगितले. त्यांनी सूप खाली ठेवले.

"तिथं मेढ कुठं रोवायची?"

"डब्यात असते, वहिनी. तयार असते."

"डब्यात?" त्या इतक्या हसल्या की शेजारून आक्कांनी डोकावून पाहिले. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "भावजी, मेढ मी रोवणार आहे. डब्यात रोवायला मला कोण अडवणार? कुणाला कळणारसुद्धा नाही. म्हणून तर मला ती दारात पाहिजे."

पुढे त्यांनी हेरवाडचे नाव घेतले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या ह्या गावाच्या ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला : पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे सारे बंद. पाठोपाठ राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर गावांना तसेच आवाहन केले. ते परिपत्रक वहिनींनी अंगणवाडीच्या बैठकीत ऐकले होते. दादांना जाऊन तेव्हा एक वर्ष झाले होते. "आपल्या गावात ठराव नाही झाला," त्या म्हणाल्या. "मी वाट बघितली तीन वर्षं."

यावर आम्ही काय बोललो ते आठवत नाही. बहुधा काहीच नाही.

मग दारातला मांडव. बोलणे सोपे, घालणे कठीण. आमचे अंगण जेमतेम पन्नास माणसांचे. त्यापलीकडे आक्कांच्या मुलाचे रान, आणि त्याच्याशी बांधावरून जुनी कुरबुर. मे महिन्यात रब्बीचे पीक निघून रान मोकळे असते, तेव्हा मागायला हरकत नव्हती. पण मागायला आमच्यापैकी कोणी गेले नाही, वहिनी गेल्या आणि चहा पिऊन होकार घेऊन आल्या. मांडववाल्याने चाळीस बाय साठ फुटांचे माप टाकले आणि वर बघून जीभ चावली. अंगणावरून विजेची तार गेलेली. तेव्हा मांडव पूर्वेला सरकला, तोंड तिरपे झाले, आणि घराचे दार मांडवाच्या मध्यावर न येता एका कोपऱ्यात आले. वाटांचा हट्ट आम्ही सोडला नाही : चार ठिकाणी कनात उघडी, चूल आणि गॅसच्या टाक्या मांडवापासून दूर, विहिरीजवळ. लाऊडस्पीकर रात्री दहानंतर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला दंडक आम्ही बँडवाल्याला लिहून दिला. त्याने कागद खिशात घातला. वळवाच्या भीतीने वर ताडपत्री ओढायची ठरली. (पाऊस आला तो महिन्याच्या शेवटी, आणि असा आला की २६ मेलाच मोसमी पावसाने मुंबई गाठल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. तीन आठवड्यांनी आम्ही वाचलो.)

जात्यावरच्या ओव्यांत मांडव आणि दार हे दोन शब्द एकमेकांना सोडत नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ ह्यांनी खेड्यापाड्यांतून गोळा केलेल्या लाखभर ओव्यांचा साठा २०१७ पासून इंटरनेटवर येतो आहे. त्या ओव्या आम्ही विद्यार्थ्यांना ऐकवतो आणि मांडव हे माहेराचे प्रतीक आहे, असे सांगतो. प्रतीकच ते, नाही कसे म्हणावे? पण दाराबाहेर घातलेला मांडव म्हणजे घर चार दिवस रस्त्यावर आलेले असते, आणि रस्त्याने जाणारा कोणीही आत बघू शकतो, हे आम्हांला त्या ओव्यांनी कधी सुचवले नव्हते. किंवा सुचवले असेल, आम्ही चाचणी परीक्षेच्या घाईत असू.

मुहूर्त सकाळी पावणेआठचा होता. रात्री डहाळ्यांची गाडी आली, आंबा आणि जांभूळ. अंगणाच्या कडेला खड्डा वहिनींनी स्वतःच खणून घेतला होता. भावकीतल्या बायका ओट्यावर दाटीने उभ्या, पुरुष नेहमीप्रमाणे लांब, काहीतरी काम असल्यासारखे. भटजींनी दोन पाट मांडले आणि आमच्याकडे पाहिले. आम्ही वहिनींकडे पाहिले. त्या पुढे झाल्या, मेढीला पिवळे फडके बांधले, सुपारी घातली, कुंकू लावले. कोणी काही बोलले नाही. ओट्यावरची कुजबुज मात्र थांबली, आणि ती थांबल्याचे सगळ्यांना ऐकू आले.

तेवढ्यात आक्का काठी टेकत खाली उतरल्या. वय ब्याऐंशी, चाळीस वर्षांचे वैधव्य, भावकीतल्या कुठल्याही मेढीजवळ त्या काळात गेलेल्या नाहीत. आम्हांला वाटले, आता. आमच्यापैकी एकाने मधे पडायला पाऊलही उचलले. आक्का खड्ड्याशी आल्या, डोळे बारीक करून मेढीकडे पाहिले आणि दोन्ही हातांनी ती धरली.

"वाकडी रोवतीयास गं. जरा डावीकडं घे. आणि माती दाब की, पायानं."