त्या बातमीत पुरुष कुठे होता?

दोन दिवस झाले, आपल्या तालुक्याच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. मोबाइल चोरला म्हणून एका पोराला धरलंय, चार जण कानफटात मारतायत. मला आतापर्यंत नऊ जणांनी पाठवला. सोबत एकच ओळ, "बातमी टाका."

टाकली नाही. का, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी अशीच एक बातमी मी टाकली होती. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या एका बाईला लोकांनी गेटवर तांदळाच्या पिशवीसकट अडवलं होतं. फोटो होता, गर्दी होती. मी मथळा दिला, 'मुलांच्या तांदळावर डल्ला'. त्या दिवशी माझं फार कौतुक झालं. नंतर कळलं, तांदळात किडे झाले होते आणि घरी नेऊन ऊन देऊन, निवडून आणा असं तिला शाळेतूनच सांगितलं होतं. बातमी लिहिताना मी पाच जणांना फोन केले होते. बाईंना एकही नाही. खुलासा छापला, आतल्या पानावर चार ओळी. बाई परत कामावर आल्या नाहीत.

हे मी एका सरांना सांगितलं. निवृत्त मराठी शिक्षक, ख्रिस्ती, मूळ नगरकडचे. ते माझ्यावर चिडले नाहीत. बायबल काढलं, योहानाच्या शुभवर्तमानातला आठवा अध्याय. गोष्ट बहुतेकांना माहीत असते. व्यभिचारात पकडलेली बाई लोक येशूपुढे उभी करतात आणि विचारतात, हिला दगडांनी मारायचं ना? तो सांगतो, ज्याने पाप केलं नाही त्याने पहिला दगड मारावा.

सर म्हणाले, "तुम्ही पत्रकार ना? मग या बातमीत काय राहिलंय ते सांगा."

मला सुचेना. तेच म्हणाले, "पुरुष कुठंय? मोशेच्या नियमशास्त्रात शिक्षा दोघांना आहे. आणली एकटीलाच."

मी गार झालो. माझ्या बातमीतही नेमकं तेच झालं होतं. तांदूळ न्या म्हणणारा कुठे होता?

सरांनी अजून एक दाखवलं. लोक निघाले तेव्हा आधी म्हातारे गेले. ज्यांचं आयुष्य जास्त झालंय, त्यांना स्वतःचा हिशेब लवकर आठवला असणार. आणि शेवटी येशू त्या बाईला काय सांगतो? तू केलंस ते बरोबरच, असं नाही. मीही तुला दोषी ठरवत नाही, जा, पण पुन्हा पाप करू नकोस. म्हणजे दया करायची तर चुकीला चूक म्हणायचं सोडावं लागत नाही. फक्त माणूस तिथंच संपवायचा नाही.

कुसळ आणि मुसळ आपण रोजच्या बोलण्यात वापरतो. मत्तयाच्या सातव्या अध्यायातही तेच आहे. पण तिथं कुसळ काढूच नका असं म्हटलेलं नाही. आधी आपलं मुसळ काढा, म्हणजे दुसऱ्याचं कुसळ काढायला नीट दिसेल. त्याच्या जरा आधी मापाची गोष्ट आहे, ज्या मापाने तुम्ही मोजाल त्याच मापाने तुम्हाला मोजलं जाईल. तांदळाची बातमी करणाऱ्याला हे बरोबर लागलं.

मी ख्रिस्ती नाही. पण तेव्हापासून एक नियम पाळतो, ज्याच्यावर आरोप आहे त्याला पहिला फोन. कधी बातमी उशिरा जाते, दुसरा पेपर पुढे जातो. जाऊ दे.

त्या पोराने मोबाइल चोरला असेलही. पोलीस आहेत, कोर्ट आहे, ते बघतील. चोरी सिद्ध झाली तर बातमी मीच देईन. पण मारणारे चार जण, व्हिडिओ काढणारा पाचवा आणि फॉरवर्ड करणारे आपण सगळे, आपलं माप काय?

व्हिडिओ तुमच्या फोनमध्ये असेल तर डिलीट करा. त्या पोराची आईही याच गावात बाजाराला येते.