हांकेच्या अंतरावर

चष्म्याच्या स्क्रूसारखी क्षुल्लक वस्तु मनुष्यास आपल्या आयुष्याचा जमाखर्च पुन्हां मांडावयास लावील, असें कोणी सांगितलें असतें तर आम्ही हंसलों असतों. परंतु आमच्या बाबतींत तसें घडलें खरें. गेल्या श्रावणांत एके सकाळीं आमच्या मातोश्री पोथी वाचीत बसल्या असतां त्यांच्या चष्म्याची उजवी दांडी काळ्या दोऱ्यानें बांधलेली आमच्या दृष्टीस पडली. चौकशीअंतीं कळलें कीं, दांडीचा स्क्रू पडून तीन आठवडे लोटले होते.

"मग सांगितलं कां नाहींस?" आम्हीं जरा चढ्या आवाजांतच विचारलें.

"अरे, एवढ्यासाठीं तुला कुठं गाडी काढायला लावायची? चालतंय दोऱ्यानं," असें म्हणून त्यांनीं पान उलटलें.

पुण्याच्या सदाशिव पेठेंतील जुन्या घरीं आम्ही राहत असतों, तर हें काम पांच मिनिटांचें होतें. वाड्याच्या दिंडींतून बाहेर पडून डावीकडे वळलें कीं चौथें दुकान चष्मेवाल्याचें. तो गृहस्थ डोळ्याला भिंग लावून स्क्रू बसवी, किती द्यायचे असें विचारलें तर नुसती मान हलवी, आणि मातोश्री त्याच्या मुलीच्या लग्नाचें कोठवर आलें याची विचारपूस करून परत फिरत. आमच्या नव्या घरापासून सर्वांत जवळचें चष्म्याचें दुकान तीन किलोमीटरांवर एका टोलेजंग इमारतींत आहे. तेथें आम्ही गेलों. ही फ्रेम आमच्याकडची नाहीं, या एका वाक्यांत तेथील तरुणानें आमची बोळवण केली. अखेर जुन्या पेठेंतील त्याच चष्मेवाल्याकडे जावें लागलें. आमची गाडी त्या दिवशीं दुरुस्तीस गेलेली. रिक्षास जातां-येतां तीनशें रुपयांहून थोडे अधिक पडले. चष्मेवाल्यानें पूर्वींप्रमाणेंच मान हलविली. फुकट झालेल्या कामासाठीं तीनशें रुपये मोजून आम्ही परतलों.

किंमत म्हणजे काय, हें आम्ही गेलीं अठ्ठावीस वर्षें अर्थशास्त्राच्या वर्गांत मुलांस सांगत आहों. फळ्यावर दोन वक्ररेषा काढावयाच्या, त्या जेथें एकमेकींस छेदतात तेथें खडूचा टिंब द्यावयाचा, आणि ही किंमत असें म्हणावयाचें. त्या टिंबापर्यंत गिऱ्हाइकानें चालत जावयाचें कीं रिक्षानें, हें फळ्यावर कोठेंच दिसत नाहीं. वास्तविक दुकानांतील भाव हा किंमतीचा एक भाग झाला. तेथवर पोंचण्याचा खर्च हा दुसरा. जो मनुष्य महिन्याचा शिधा एकदम भरतो, त्याच्या दृष्टीनें हा दुसरा भाग नगण्य. तीनशें रुपयांचा प्रवास आठ हजारांच्या सामानावर वांटला जातो. परंतु ज्यास एक जुडी कोथिंबीर, एक दोऱ्याचें रीळ किंवा एक स्क्रू पाहिजे, त्याच्या बाबतींत प्रवास हीच किंमत होऊन बसते. दूरचें स्वस्त दुकान हें ज्याच्यापाशीं एकदम पैसे आहेत व वाहनही आहे, त्याच्याचपुरतें स्वस्त असतें.

आमच्या लहानपणीं, म्हणजे १९७५ ते १९८५ च्या सुमारास, पेठेंतील आयुष्य या दुसऱ्या खर्चापासून जवळजवळ मुक्त होतें. वाड्याच्या तोंडाशीं वाणी, त्याच्या बरोबर समोर दुसरा वाणी. पहिल्यानें साखरेला दहा पैसे चढविले कीं मातोश्री रस्ता ओलांडीत. एवढ्यानेंच बहुधा भाव उतरे. पलीकडे पिठाची गिरणी. तिच्या दारांत डब्यांची रांग लागे, आणि डबा मनुष्याच्या जागीं उभा राही. त्यापुढें शिंपी, इस्त्रीवाला, सायकली भाड्यानें देणारा, गल्लीच्या तोंडाशीं चांभार, आणि माडीवर एक डॉक्टर, जे औषधाच्या बाटलीवर मात्रेची कागदी पट्टी चिकटवून देत. आम्हां मुलांस चार आणे देऊन गुळासाठीं पिटाळीत, आणि वाणी तेवढ्याचा गूळ कागदांत बांधून वर एक खडा हातावर ठेवी. चार आण्यांचें गिऱ्हाईक म्हणून कोणीं आमची हेटाळणी केल्याचें स्मरत नाहीं. पाहुणे अचानक आले तर मातोश्री माडीच्या खिडकींतून वाण्यास हांक मारीत, आणि त्याचा पोऱ्या पोहे घेऊन जिना चढून येई. आमच्या घरचें अंतराचें माप हेंच होतें. जें हांकेवर तें जवळ. बाकीचें सारें परगांव.

पेठ या शब्दाचा अर्थच मुळीं बाजार असा आहे. जुन्या काळीं नवी पेठ वसवावयाची म्हणजे सरकारांतून कौल मिळे, कांहीं वर्षें करांची माफी असे, शेटे व महाजन नेमले जात, आणि उदमी लोकांस बोलावून आणून जागा देण्यांत येत. कसब्याच्या जुन्या वस्तीभोंवतीं वारांच्या पेठा, सदाशिवरावभाऊंच्या नांवाची सदाशिव, नारायणरावांच्या नांवाची नारायण, नाना फडणिसांच्या नांवाची नाना पेठ, अशा एकामागून एक उभ्या राहिल्या. भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानांत भरत असे. तो हलवून १८८६ सालीं मंडईची मोठी इमारत बांधली गेली. तिला त्या वेळीं गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव होतें. पुढें ती महात्मा फुले मंडई झाली. हा सारा इतिहास आम्हांस पाठ होता. परंतु या लोकांनीं आधीं दुकानदार आणला आणि मग त्याच्या आधारानें बिऱ्हाडें वसविलीं, ही त्यांतील साधी गोष्ट मात्र रिक्षांत बसेपर्यंत आमच्या ध्यानांत आली नव्हती.

पेठांचें गुणगान गातांना त्यांच्या उणीवांवर पांघरूण घालण्याचा आमचा हेतु नाहीं. आमच्या दोन खोल्यांत भर दुपारीं दिवा लावावा लागे. सात बिऱ्हाडांत मिळून दोन संडास होते. शिवाय जुन्या पेठा जातवार वसल्या होत्या, आणि कोणाची हांक कोणाच्या दारापर्यंत पोंचावी याचे नियम जे होते, ते अभिमानानें सांगण्याजोगे नाहींत. उजेड आणि मोकळी हवा यांच्या ओढीनेंच आम्हीं पेठ सोडली, आणि ती ओढ आम्हांस आजही गैर वाटत नाहीं.

शहराभोंवतालचीं अकरा गांवें २०१७ सालीं पुणें महानगरपालिकेंत आलीं. त्यांपैकीं एका गांवाच्या हद्दींत, टेकडीच्या पायथ्याशीं, सातव्या मजल्यावर आम्हीं त्याच वर्षीं घर घेतलें. बांधणाऱ्यांनीं दिलेलें गुळगुळीत पत्रक आमच्या कपाटांत अजून आहे. त्यांत अंतरें मिनिटांत छापलीं आहेत: महामार्ग इतकीं, विमानतळ इतकीं, माहिती-तंत्रज्ञानाच्या कचेऱ्या इतकीं. पिठाची गिरणी किती मिनिटें, चांभार किती मिनिटें, हें त्यांत नाहीं, आणि तें आम्हीं विचारलेंही नाहीं. आम्ही वर्षांतून एकदां विमानानें जातों. पीठ आम्हांस आठवड्यास लागतें.

आणि याच विषयावर आम्ही व्याख्यानें देत होतों! एबनीझर हॉवर्ड यानें १८९८ सालीं उद्याननगरीची जी कल्पना मांडली, तींत दुकानांची काचेची गोलाकार वीथि प्रत्येक रहिवाशाच्या सहाशें यार्डांच्या आंत ठेवली आहे. अमेरिकेंत क्लॅरन्स पेरी यानें १९२९ सालीं शेजाराची जी आंखणी केली, तिचें माप पाव मैल, म्हणजे लहान मुलास शाळेस चालत जातां येईल इतकें. अलीकडे, २०१६ सालीं, कार्लोस मोरेनो या पॅरिसमधील प्राध्यापकांनीं पंधरा मिनिटांच्या नगराची कल्पना मांडली, आणि २०२० सालच्या तेथील नगराध्यक्षपदाच्या निवडणुकींत ती मोठ्या चर्चेचा विषय झाली. आम्हीं हें सर्व मुलांकडून लिहवून घेतलें, परीक्षेंत विचारलें, त्यावर गुण दिले. संध्याकाळीं घरीं येतांना कोथिंबीर आणावयाची राहिली, म्हणून पुन्हां गाडी काढली.

यावर आजचा वाचक म्हणेल कीं, गाडी कशाला काढावी? फोनवर बोट ठेवलें कीं दहा-पंधरा मिनिटांत कोथिंबीर दारांत येते. येते, हें आम्ही नाकारीत नाहीं. आमच्याही घरीं येते, आणि पावसांत भिजून ती आणणाऱ्या मुलाच्या उपकारांत आम्ही आहों. परंतु एकट्या कोथिंबिरीच्या जुडीवर ती मिळत नाहीं. अमुक इतक्या रुपयांची मागणी केली नाहीं तर पोंचविण्याचा आकार पडतो, म्हणून नको असलेलीं बिस्किटें घ्यावीं लागतात. दुसरें, तो मुलगा स्क्रू बसवीत नाहीं, चप्पल शिवीत नाहीं, दळण दळून देत नाहीं. तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. मातोश्रींचें वय एक्यायशी. फोनवरचीं तीं चित्रें त्यांस दिसत नाहींत, पैसे भरण्याची रीत कळत नाहीं. मागणी आमच्यामार्फत करावयाची, म्हणजे मागावयाचें आलें. पेठेंत त्यांनीं आयुष्यभर स्वतःच्या कनवटीचे पैसे स्वतःच्या हातानें मोजले. नव्या घरीं त्यांच्यापाशीं पैसे आहेत. ते खर्च करावयास पायांच्या टप्प्यांत जागा नाहीं.

नव्या घरीं आल्यावर पहिल्या वर्षीं त्या कांहीं ना कांहीं आणावयास सांगत. दुसऱ्या वर्षीं तें कमी झालें. तिसऱ्या वर्षापासून त्या कांहींच मागेनाशा झाल्या. आईच्या गरजा आतां उरल्या नाहींत, असें आम्हीं व सौभाग्यवतींनीं एकमेकांस समाधानानें सांगितलें. कोणी विचारलें तर त्यांच्या निरिच्छ वृत्तीचें कौतुकही केलें. तें वैराग्य नव्हतें, संकोच होता, हें त्या काळ्या दोऱ्यानें आम्हांस दाखविलें.

जी गोष्ट मातोश्रींची, तीच निराळ्या रीतीनें आमच्याकडे धुण्याभांड्यास येणाऱ्या बाईंची. आमच्या संकुलाच्या आवारांत एक दुकान आहे. एकच आहे, म्हणून भाव त्याचा. रस्ता ओलांडून जावें असा दुसरा वाणी नाहीं. त्या बाईंस आम्हीं एकदां विचारलें कीं, जातांना तांदूळ येथूनच कां नेत नाहीं? त्या म्हणाल्या, "इथं सगळं पुड्यांतलं, दादा. सुटं कांहींच देत नाहींत. पांच किलोचे पैसे एकदम कुठनं आणूं?" म्हणून त्या बसनें आपल्या वस्तीकडे गेल्यावर, रात्रीं आठ वाजतां, त्या दिवसापुरतें घेतात. चार आण्यांच्या गुळाची सोय ज्यांस आज सर्वांत अधिक लागते, त्यांच्यासाठींच ती उरली नाहीं.

येथवर आम्ही फिर्यादीच्या पिंजऱ्यांत होतों. आतां आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें राहणें प्राप्त आहे. आम्ही राहावयास आलों तेव्हां फाटकाशेजारीं उंबराखालीं गांवांतली एक म्हातारी बाई भाजीची पाटी घेऊन बसत असे. पहिल्याच वार्षिक सभेंत फाटकापाशीं कोणीही विक्रेत्यानें बसूं नये, असा ठराव आला. कारणें छापील होतीं: अस्वच्छता, गर्दी, इमारतीची शोभा. त्या ठरावास अनुमोदन देणारे गृहस्थ आम्ही होतों. एवढेंच नव्हे, तर त्याची भाषा आम्हीं सुधारून दिली. दुसऱ्या दिवसापासून ती बाई दिसली नाहीं. पथविक्रेत्यांच्या हक्कांचा कायदा २०१४ सालीं झाला, हें आम्हांस माहीत होतें. तोही आम्ही वर्गांत शिकवीत असूं. ती पाटी फाटकापाशीं असती, तर आमच्या आईस रोज संध्याकाळीं खालीं उतरण्यास एक निमित्त राहिलें असतें, हें मात्र ठराव लिहितांना सुचलें नाहीं.

या वर्षींच्या सभेंत तो ठराव रद्द करावा अशी सूचना आम्हीं मांडली. आमच्याच जुन्या अनुमोदनाचे शब्द आम्हांस वाचून दाखविण्यांत आले, आणि सभेंत हंशा पिकला. तळमजल्यावरील रिकामा गाळा पिठाच्या गिरणीस द्यावा, ही दुसरी सूचना आवाजाच्या कारणास्तव फेटाळली गेली. दीड तासाच्या चर्चेनंतर एवढें पदरांत पडलें कीं, आठवड्यांतून दोन संध्याकाळीं एका भाजीवाल्या बाईनें, फाटकापासून दहा फूट दूर, सहा महिने प्रायोगिक तत्त्वावर बसावें. ती पूर्वींची म्हातारी कोठें आहे, याची आम्हीं गांवांत चौकशी केली. ती दोन वर्षांपूर्वीं वारली होती. तिच्या ओळखीची दुसरी एक बाई आली.

पहिल्या संध्याकाळीं मातोश्री कापडी पिशवी घेऊन, लिफ्टनें, एकट्या खालीं गेल्या. आम्ही सज्जांतून पाहत होतों. एका जुडीस त्यांस पस्तीस मिनिटें लागलीं. वर आल्यावर त्यांचा पहिला उद्गार, "दोन रुपये जास्तच घेतले मेलीनं!" आणि लगोलग दुसरा, "तिचा नातू दहावीला आहे. गणित कच्चं आहे म्हणते. तूं बघशील कां?"

तेव्हांपासून मातोश्रींच्या गरजा एकेक करून परत येऊं लागल्या आहेत. त्यांची चप्पल अंगठ्याशीं उसवली आहे, असें समजलें. ती दोन वर्षांपासून उसवलेली आहे. दोन चोळ्या शिवावयाच्या आहेत. हातदळणाच्या पिठाची चव विकतच्या पिठास नाहीं, असें त्यांचें म्हणणें आहे, आणि गिरणीचें काय झालें हें त्या दर आठवड्यास विचारतात. पुढील सभेची विषयपत्रिका आम्हीं लिहावयास घेतली आहे. चांभार हा विषय क्रमांक तीनवर आहे.