देवयानी : पडद्यावरची आणि आकाशातली

आमच्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षात बहुतेक पडद्यांवर अवकाश असते. ही चित्रे कोणी लावली ते कोणालाच ठाऊक नाही. एका यंत्रावर देवयानी दीर्घिका आहे आणि तिच्या तेजस्वी केंद्रावर नेमके ‘अंतर्गत गुण’ नावाचे फोल्डर येऊन बसले आहे. अ‍ॅपलने २०११ साली ‘लायन’ या प्रणालीबरोबर वॉलपेपर म्हणून हीच दीर्घिका दिली होती. पांढरकवड्यासारख्या तालुक्याच्या गावी मराठी शिकवणाऱ्याला या चित्रांचे काय कौतुक, असे कोणी विचारील. मला कुतूहल वाटले ते प्रथम नावांमुळे.

ग्रीक कथेत अँड्रोमेडा ही राजकन्या. सेफियस आणि कॅसिओपिया तिचे आईबाप, तर पर्सियस तिला सोडवून तिच्याशी विवाह करणारा वीर. आकाशात हे चौघे शेजारी आहेत. मराठीत त्यांची नावे अनुक्रमे देवयानी, वृषपर्वा, शर्मिष्ठा आणि ययाति. म्हणजे आईच्या जागी सवत आली आणि बापाच्या जागी सवतीचा बाप! नवराबायकोचे तेवढे एक नाते जुळले. भाषांतर म्हणून याला फारसे गुण देता येणार नाहीत. पण खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) वाचलेल्या विद्यार्थ्याला त्या कोपऱ्यात एक अख्खा गृहकलह दिसू लागतो, हे मूळ ग्रीक नावांनी कधीच साधले नसते. देवयानीचा पिता शुक्र मात्र तेथे नाही. तो ग्रह, राशिचक्राची वाट सोडून लेकीच्या घरी जाणे त्याला शक्य नाही.

‘दीर्घिका’ हा शब्दही असाच. संस्कृतात त्याचा अर्थ लांबट तळे किंवा विहीर. आपण ज्या तारकासंघात राहतो त्याच्या दुधी पट्ट्याला आपण गंगा म्हटले आणि परक्या तारकासंघांना तळी. ही जोडी जुळवणाऱ्याला भाषेचा कान होता, एवढे निश्चित.

आता रंगांविषयी. वॉलपेपरांत बहुधा सर्वांत प्रसिद्ध झालेले चित्र हबल दुर्बिणीने १९९५ साली टिपलेले ‘सृजनाचे स्तंभ’. सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षांवरच्या गरुड तेजोमेघातील वायू आणि धूळ यांचे ते खांब. दुर्बिणीचा कॅमेरा रंग टिपत नाही. वेगवेगळ्या गाळण्या लावून तो कृष्णधवल प्रतिमा घेतो आणि रंग नंतर दिले जातात. हायड्रोजन आणि गंधक या दोहोंचा तेथला प्रकाश तांबडाच. दोन्ही तांबडे ठेवले असते तर कोणता वायू कोठे आहे ते कळलेच नसते. म्हणून गंधक तांबडे राहिले, हायड्रोजन हिरवा झाला आणि ऑक्सिजन निळा. याला खोटेपणा म्हणणे मला पटत नाही. हे भाष्य आहे. मुळात एकमेकांत मिसळलेले वेगळे करून दाखवावे हेच भाष्यकाराचे काम.

अडचण येते ती भाष्यापासून मुळाकडे जाताना. कार्तिक अमावस्येच्या सुमारास आम्ही काही विद्यार्थ्यांना देवयानी दाखवायला गावाबाहेर नेले. भारनियमनाच्या वर्षांत ती घराच्या गच्चीवरून दिसे. आता नागपूर–हैदराबाद महामार्गाच्या दिव्यांकडे पाठ करून बरेच आत जावे लागते. (टिपेश्वरच्या बाजूला वाघांमुळे जाता येत नाही, त्यामुळे दिशा फारशा उरत नाहीत.) रात्री नऊच्या सुमारास ती डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असते. शर्मिष्ठेच्या पाच ताऱ्यांतील अधिक अणकुचीदार टोक तिच्याकडे बोट दाखवते. सगळ्यांना सापडायला वेळ लागला. सापडली तेव्हा एकजण म्हणाला, “एवढंसंच हाय का जी, सर?”

एवढेसेच आहे. बोटाने पुसल्यासारखा एक राखी डाग. अंधुक प्रकाशात आपल्या डोळ्यातील रंग ओळखणाऱ्या पेशी काम करीत नाहीत, म्हणून लहान दुर्बिणीतूनही ती राखीच दिसते. पण मला त्या प्रश्नाने वर्ग आठवला. गाइडमधले रसग्रहण आधी वाचून मग कवितेकडे येणारी मुले अशीच थबकतात. रसग्रहणात सगळे भडक, लखलखीत. आणि कविता म्हणजे बारा साध्या ओळी. ‘एवढंच?’ हे ती बोलत नाहीत, चेहऱ्यावर वाचता येते. त्यावर अजून मला नीट उत्तर सापडलेले नाही.

त्या रात्री मी त्यांना डागाची हकीकत सांगितली. दहाव्या शतकात पर्शियातील अल्‌ सूफीने त्याची नोंद केली, ती एक लहानसा ढग म्हणून. ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबलने माउंट विल्सनवरून घेतलेल्या काचेवर एका ठिपक्यापाशी ‘एन’, म्हणजे नवतारा, असे लिहिले आणि मग ते खोडून तो रूपविकारी तारा असल्याची खूण केली. तेजाची नियमित भरती-ओहोटी होणाऱ्या या ताऱ्यांच्या जातीला ‘सेफीड’ हे नाव सेफियसमधल्या, म्हणजे आपल्या वृषपर्व्यातल्या, एका ताऱ्यावरून मिळाले. त्यांचे अंतर काढण्याची किल्ली हेन्रिएटा लेव्हिट यांनी आधीच शोधून ठेवली होती. त्या एका ताऱ्यावरून देवयानी आपल्या आकाशगंगेबाहेरची ठरली. आज ते अंतर सुमारे पंचवीस लाख प्रकाशवर्षे मानले जाते. त्या डागातून डोळ्यात शिरणारा प्रकाश निघाला तेव्हा आपली मानवजात जन्मलीही नव्हती.

तोवर पूर्वेला मृग वर आला होता. तोच मुलगा तिकडे बोट करून म्हणाला, “तो आमचा नांगर.” मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी विदर्भातील गोंडांच्या आकाशज्ञानावर २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मृगाचा हा नांगर मी वाचला होता, ऐकला प्रथमच. त्या आकृतीत त्याला काही कमी वाटत नव्हते. मग तो पुन्हा डागाकडे वळला आणि ती आपल्याकडे येते म्हणतात ते खरे का, असे त्याने विचारले. येते, सेकंदाला सुमारे एकशे दहा किलोमीटर. दोन्ही दीर्घिका आदळणारच असे अनेक वर्षे पुस्तकांत ठामपणे लिहिले जाई. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या गणितानुसार पुढच्या दहा अब्ज वर्षांत तसे घडण्याची शक्यता निम्मीच आहे.