घरात सगळेच मास्तर

आमच्या घराण्यात मुलगी पाहायला गेले की पत्रिकेच्या आधी डी.एड. झालंय का ते विचारतात, असं गल्लीत बोललं जायचं. अगदीच खोटं नव्हतं ते. नागपूरच्या हनुमाननगरातल्या त्या घरात आजोबा मास्तर, मोठे काका अनुदानित शाळेत गणिताचे सर, काकू प्राथमिकच्या बाई, आई हिंगण्याच्या पलीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत, आणि आत्या लग्न होऊन उमरेडला गेली तरी तिथे बाईच. जेवताना बोलणं पट, पगारबिल आणि तपासणीला येणारे साहेब यांच्यापलीकडे जायचं नाही. आम्हा भावंडांपैकी एकही जण शिक्षक झाला नाही, याचं कारण बहुधा हेच असावं.

दिवाळीत जमलो की या मास्तर पिढीच्या गोष्टी निघतात. ताईला एक आठवतं, दादाला दुसरं, आणि धाकटी त्या वेळी झोपलेली असूनही तिला सगळ्यात जास्त आठवतं.

घरात आलेलं पहिलं यंत्र कोणतं, यावरच आमचं एकमत नाही. दादा म्हणतो रेडिओ, कारण आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ सालचं आणि आजोबांच्या शाळेत शालेय कार्यक्रम लागायचा. माझं मत काकांच्या स्टेन्सिलला. प्रती काढायचं यंत्र शाळेत होतं, पण त्याचं अर्धं काम आमच्या जेवणाच्या टेबलावर चालायचं. निळसर, मेणचट कागद, वरच्या बाजूला भोकांची पट्टी. अक्षरं शाळेतला बाबू टाइप करून द्यायचा. भूमितीच्या आकृत्या मात्र काका स्वतः घरी काढत, लोखंडी टोकाच्या लेखणीने. हात जरा जड पडला की कागद फाटे. वर्तुळ तर फारच नाजूक काम. ते पूर्ण गोल काढलं की मधली चकती सुटून यायची भीती, म्हणून काका परिघात दोन-तीन जागी केसाएवढी फट ठेवत आणि परीक्षेच्या दिवशी वर्गात सांगत, "पोरांनो, आधी आपापलं वर्तुळ जोडून घ्या." चूक झाली तर लालसर द्रावाचा एक थेंब, मग फुंकर, मग पुन्हा रेघ. त्या द्रावाला नेलपॉलिशसारखा वास यायचा. चाचणीच्या आठवड्यात आम्हाला टेबलाच्या आसपास फिरकायची बंदी असे, कारण आमच्यातलाच एक जण काकांच्या वर्गात होता. शाळेत शिपाई हँडल फिरवायचा आणि शाई काकांच्या बाहीवर घरी यायची. काकूने त्या बाह्यांवर किती साबण घालवला, ते तिलाच विचारावं.

आईच्या वाट्याला टीव्ही आला. इन्सॅट उपग्रहावरून ज्या सहा राज्यांसाठी शैक्षणिक कार्यक्रम सुरू झाले, त्यांत महाराष्ट्र होता आणि मराठी कार्यक्रम बनवायला १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी निघाली. आई नोकरीला लागली तेही त्याच सुमारास. तिच्या शाळेतला संच लाकडी पेटीत कुलूपबंद असायचा, किल्ली मुख्याध्यापकांच्या जानव्याला बांधल्यासारखी, आणि वीज आपल्या मर्जीची. पण आईची तक्रार विजेची नव्हती. ती म्हणायची, "टीव्हीले थांबवता येत नाही. पोरगं प्रश्न विचारते तोवर तो पुढच्या धड्यावर गेलेला असते." शाळेतली भाषा ती घरीही तशीच आणायची. आम्ही हसायचो. मुंग्यांवरचा एखादा सुंदर कार्यक्रम संपला की पेटी बंद करून ती मुलांना घेऊन शाळेमागच्या कडुनिंबाखाली जायची आणि खऱ्या मुंग्या दाखवायची. त्या मुंग्या थांबत होत्या असं नाही, पण त्यांच्याकडे परत जाता येत होतं.

यंत्र पोरासाठी थांबतं का, ही तिची कसोटी. पुढे कितीतरी यंत्रं आली आणि ती प्रत्येकाला हाच प्रश्न घालत राहिली.

मग आली एमएस-सीआयटी. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं आणि हा संगणकाचा कोर्स गावोगाव पोचला. सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या नोकरीत तो सक्तीचा झाला, वेतनवाढ त्याला जोडली गेली, आणि आमच्या घरात जे झालं ते एखाद्या पोराच्या दहावीलाही झालं नव्हतं. काकांनी पन्नाशी ओलांडली होती, त्यांना सूट होती. पण काकू आणि आई क्लासला जाणार म्हटल्यावर ते घरी बसणं शक्यच नव्हतं. "तुम्ही पास व्हाल अन् मी काय अडाणी राहू?" असं म्हणून त्यांनीही फी भरली. मानेवाडा रोडकडच्या गल्लीत क्लास होता. मे महिना, बाहेर सेहेचाळीस अंश, आत एसी. निम्मा वर्ग संगणकासाठी येतो आणि निम्मा एसीसाठी, असं काकू म्हणायची; ती स्वतः कोणत्या निम्म्यात होती ते तिने सांगितलं नाही. शिकवणारा पोरगा काकांचा जुना विद्यार्थी निघाला. तो काकांना "सर, इथे क्लिक करा" म्हणताना आधी उभा राहायचा.

आईने दोनशे पानी वही घातली. ती वही अजून आहे, ताईकडे. पहिल्या पानावर तारीख, विषय, मग खाली मुद्दे, अगदी टाचणवहीसारखे. "माऊसचे डावे बटण एकदा दाबणे म्हणजे निवडणे. दोनदा भराभर दाबणे म्हणजे उघडणे. भराभर म्हणजे किती ते हाताला कळते." पुढे एका पानावर लाल शाईने: "सेव्ह केल्याशिवाय उठू नये." हे वाक्य तिने आम्हाला आयुष्यभर वेगवेगळ्या संदर्भांत ऐकवलं.

सरावासाठी बर्डीच्या बाजारातून सुटे भाग जोडून केलेला संगणक घरी आला आणि आमच्या घरातला क्रम उलटला. आता पोरं शिकवणार, मास्तर शिकणार. दादाने ते काम अंगावर घेतलं. त्याची पद्धत अशी की आईचा बाण पडद्यावर जरा भरकटला की तो तिच्या हातातून माऊस घ्यायचा, टक टक टक करून द्यायचा आणि म्हणायचा, "झालं बघ, सोपं आहे." दोन-तीन संध्याकाळी आईने ऐकून घेतलं. मग एक दिवस तिने माऊस सोडलाच नाही. म्हणाली, "तू काय करून राहिला? वर्गात मी पोराची पाटी घेऊन त्याचं गणित सोडवून देते का? हात मागे घे. मी चुकते, तू पाहा." दादाने हात मागे घेतले, आणि आईला पन्नास गुणांचा तक्ता बनवायला संध्याकाळ लागली. तो तिने एकटीने बनवला.

या प्रसंगावर दादा आजही म्हणतो की आपण इंजिनिअर झालो, पण शिकवण्याचा पहिला धडा त्या दिवशी घेतला. मला त्यात आणखी एक दिसतं. या पिढीला तंत्रज्ञान येत नाही, ती घाबरते, असं तेव्हा सर्रास बोललं जायचं. घाबरत होती हे खरं. वीस-पंचवीस वर्षं वर्गापुढे उभं राहिलेल्या माणसाने अठरा वर्षांच्या पोरासमोर चुकायचं म्हणजे काय, ते चेष्टेत घेण्यासारखं नाही. पण शिकायचं कसं हे आमच्या घरात फक्त त्यांनाच माहीत होतं. काका तर प्रत्येक कामाच्या पायऱ्या पाडायचे. फाइल शोधणे: पायरी एक, पायरी दोन. गणिताच्या माणसाला ते स्वाभाविकच. पुढे शेजारच्या चार निवृत्त माणसांना ईमेल उघडून द्यायला त्यांनाच बोलावणं यायचं, दादाला नाही.

तिघंही पास झाले. जास्त गुण कोणाला, हा विषय मात्र घरात काढायचा नाही.

मराठी टायपिंगने त्यांना जे छळलं त्याची कुठे नोंद नसेल. काका घरी मन लावून प्रश्नपत्रिका करायचे, पेनड्राइव्हवर टाकून महाल भागातल्या दुकानात छापायला न्यायचे आणि तिथे पायथागोरसचा सिद्धांत चौकोन, टोप्या आणि उलट्या मात्रांमध्ये बाहेर पडायचा, कारण त्या दुकानात तो फॉन्ट नसायचा. मग काका फॉन्टही सोबत न्यायला लागले, जसे प्रवासात आपलं पांघरूण नेतात. युनिकोड सगळीकडे रुळेपर्यंत काका निवृत्तही झाले. शेवटच्या वर्षी त्यांनी एक प्रश्नपत्रिका हाताने लिहून झेरॉक्स काढली. वर्तुळ पूर्ण गोल होतं, फट नव्हती.

एक गोष्ट मात्र स्पष्टच सांगतो. या पिढीसमोर संगणक शिकवायला आला नाही, आधी माहिती भरायला आला. पट ऑनलाइन, पोषण आहार ऑनलाइन, पगार ऑनलाइन, मुलांचे आधार क्रमांक ऑनलाइन. दिवसा संकेतस्थळ उघडत नाही म्हणून आई रात्री अकराला बसायची, शेजारी ताई नावं वाचून दाखवायची. एका मुलीचं नाव शाळेत एक, आधारवर दुसरं आणि तिच्या आजीच्या तोंडी तिसरं, आणि यंत्राला तिन्ही सारखीच हवीत. आई चिडून म्हणायची, "ही पोरगी माझ्यासमोर बसते, मला माहीत आहे कोण आहे ते." तंत्रज्ञान म्हणजे वर्गात शिकवणं सोडून करायचं काम, अशी तिची समजूत झाली असेल तर दोष तिचा नव्हता.

ती समजूत थोडी हलली २०१५ नंतर. ठाणे जिल्ह्यातल्या पाष्टेपाड्याच्या डिजिटल शाळेची चर्चा झाली, जून २०१५ मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रचा शासननिर्णय आला, तंत्रस्नेही शिक्षक हा शब्द निघाला आणि आईच्या शाळेतही गावाने वर्गणी काढून प्रोजेक्टर आणला. सप्टेंबर २०१७ मध्ये दीक्षा हे शिक्षणाचं ऑनलाइन व्यासपीठ सुरू झालं, मग पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड आले. आईने पहिला व्हिडिओ लावला आणि मध्येच बोट ठेवून थांबवला. मागे नेला, पुन्हा लावला, पुन्हा थांबवला. त्या दिवशी घरी येऊन तिने धड्याबद्दल काहीच सांगितलं नाही, फक्त म्हणाली, "थांबते बाप्पा हे!" तीस वर्षांपूर्वीच्या लाकडी पेटीशी तिचा हिशेब तिथे मिटला.

आणि मग २०२०, कोरोनाचं वर्ष. आपल्याकडे, विदर्भात, उन्हामुळे शाळा तेव्हा २६ जूनला उघडायची. त्या वर्षी २६ जून आला आणि घंटा झाली नाही. आईच्या नोकरीचं शेवटचं वर्ष सुरू होतं. तिने दोन डब्यांवर लाकडी पट्टी ठेवली, पट्टीवर फोन आडवा, कॅमेरा खाली वहीकडे, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर हातच्याची वजाबाकी सुरू केली. कुकरची शिट्टी झाली की तेवढं पुन्हा. व्हिडिओ झाले, पण पाहणार कोण? गावातून एका बापाचा फोन आला, "मॅडम, मोबाइल माह्यापाशी रायते, मी वावरात. पोट्टी घरी रायते." दुसऱ्या घरी फोन होता पण बटणांचा. आईने वेळापत्रक बदललं: माणसं शेतातून परतल्यावर, रात्री आठला शाळा. ज्यांच्याकडे तसा फोन नव्हता त्यांना ती साधा कॉल लावायची आणि पाढे म्हणवून घ्यायची. या शेवटच्या प्रकाराला कोणी डिजिटल शिक्षण म्हणणार नाही. माझ्या मते त्या वर्षी तिने केलेलं सर्वांत चांगलं शिकवणं तेच होतं, कारण पलीकडचं मूल अडलं की ती थांबत होती.

त्याच जुलैत सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली हा शैक्षणिक कार्यक्रम लागायला लागला, एमकेसीएलच्याच नॉलेज फाउंडेशनचा. काकू नातवाला घेऊन टीव्हीसमोर बसायची आणि तपासणीला आलेल्या साहेबांसारखी शेरे मारायची: "हे बरं केलं. घरातल्याच वस्तू घेतल्या." डिसेंबरात बातमी आली की सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले ग्लोबल टीचर प्राइझ जिंकले. पुस्तकांतल्या क्यूआर कोडचं त्यांचं काम, दहा लाख डॉलर, आणि त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांना वाटून टाकले. आत्याचा उमरेडहून लगेच फोन. क्यूआरचं कौतुक नंतर, आधी, "जिल्हा परिषदेचा आहे हं आपला!" मग थोडं थांबून, "निम्मे वाटले म्हणे. मास्तरच तो."

आता सगळेच निवृत्त. काकांची नजर कमी झाली, बातम्या ते मोबाइलकडून वाचून घेतात आणि चुकीच्या उच्चाराबद्दल त्याला रागावतात. आई गावातल्या माजी विद्यार्थ्यांच्या पोरांना अजून पाढे विचारते, तेही व्हिडिओ कॉलवर. काकूने बोलून टाइप करायचं शिकून घेतलं आहे, पण तिची तक्रार अशी की फोनला आपली नागपुरी बोली समजत नाही. म्हणून फोनपुढे ती साहेब वर्गात आल्यासारखं अगदी पुस्तकी बोलते: "आपण सर्वांनी रविवारी भोजनास अवश्य यावे." निरोप जातो, फोन टेबलावर उपडा पडतो, आणि लगेच आतल्या खोलीकडे हाक: "काहून रे, चहा नाही टाकला अजून?"