मिरचीची भाजी

भूतानहून परत आल्यापासून फोनवर पहिला प्रश्न ठरलेला. "डोंगरबिंगर ठीक आहे गं, पण खाल्लंत काय?" त्यातून मावशी आणि मंडळी येत्या ऑक्टोबरात निघालीयेत, तीही स्वतःचा महाराज सोबत नेणाऱ्या टूरबरोबर. म्हणजे पारोच्या खोऱ्यात बसून पुन्हा वरणभात आणि बटाट्याची भाजी! म्हणून हे सगळ्यांसाठी एकदाच लिहून टाकतेय.

तर, एमा दात्शी. एमा म्हणजे मिरची, दात्शी म्हणजे चीज. आपल्याकडे मिरची फोडणीत, नाहीतर तोंडी लावायला. तिथे ती भाजी आहे, वांगी-भेंडीसारखी. उभ्या चिरलेल्या मिरच्या, कांदा, लसूण, टोमॅटो, मीठ, थोडं लोणी आणि पाणी. शिजत आलं की वरून चीज. बस्स. हळद नाही, जिरं नाही, आणि मावशी, फोडणीसुद्धा नाही. घरचं दात्शी ताकापासून करतात, म्हणजे लोणी काढून झाल्यावर जे उरतं त्यातून. काही वाया जात नाही.

आम्ही ठेचा खाणारी माणसं, आम्हाला काय होतंय, असा माझा थाट होता. पण ठेचा आपण बोटभर घेतो, हे वाटीभर असतं! नाकाडोळ्यातून पाणी आलं, आणि तरी हात थांबेना. चीजमुळे तिखट अंगावर येत नाही, हळूहळू चढत जातं. सोबत पारोकडचा लाल भात, किंचित चिकट, दाताखाली लागणारा.

शरद ऋतूत गेलात तर पारोत घरांच्या छपरांवर लाल मिरच्या वाळत घातलेल्या दिसतील. हिवाळ्याची बेगमी. २०१६ साली भारतातून येणाऱ्या मिरचीत कीटकनाशकांचे अंश सापडले म्हणून भूतानने ती आयात बंद केली. ज्या घरात मिरची हीच भाजी, तिथे हा निर्णय केवढा जड गेला असेल! गंमत म्हणजे ही मिरची ना त्यांची, ना आपली. ती मूळची अमेरिका खंडातली. भारतात सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली, गोव्यामार्गे. हिमालयात त्यानंतर कधीतरी चढली असणार.

आता आईबद्दल. कारण मावशीचा खरा प्रश्न तोच आहे, फक्त ती विचारत नाही.

पारोजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरी जेवायला गेलो. वरच्या मजल्यावर स्वयंपाकघर, बुखारी पेटलेली, आणि खिडकीशी दोरीवर डुकराच्या मांसाच्या पट्ट्या वाळत घातलेल्या. त्याला सिकम म्हणतात. आई बहात्तर वर्षांची. मांस शिजतं त्या घरात ती आजवर पाणीही प्यायलेली नाही. तिने दोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काहीच बोलले नाही. घरच्या बाईंनी बटाट्याचं केवा दात्शी वाढायला घेतलं, तर आईने वाटीवर हात ठेवला, "नको, नको." झालं! भूतानमध्ये पाहुण्याने आधी "मेशू, मेशू" म्हणत नको म्हणायचं, यजमानाने पुन्हा आग्रह करायचा, हीच रीत. बाई खूश होऊन दुप्पट आग्रह करायला लागल्या. आपल्याकडे तरी दुसरं काय करतात?

आईने हात काढला. जेवली. भात दुसऱ्यांदा मागून घेतला. रात्री हॉटेलवर मी विषय काढला तर म्हणाली, "तिने आपल्यासाठी वेगळं पातेलं घासून घेतलं होतं. मी पाहिलं." एवढंच. पुढे त्यावर बोललो नाही.

तर शाकाहारी मंडळींनी आधी सांगून ठेवावं, लोक मनापासून सांभाळतात. बटाट्याचं केवा दात्शी आणि अळंब्यांचं शामू दात्शी, दोन्ही सौम्य. होएन्ते म्हणजे हा खोऱ्यातले कुट्टूच्या पिठाचे मोमो, आत सलगमचा पाला आणि चीज. बुमथांगला कुट्टूचे घावन असतात, त्यांना खुली म्हणतात, आणि पुटा नावाच्या शेवयाही. चहाबरोबर मक्याचे कुटलेले पोहे मिळाले तर सोडू नका. एझे ही मिरचीची चटणी मात्र बेताने. सामिष खाणाऱ्यांसाठी फाक्शा पा, म्हणजे डुकराचं मांस, मुळा आणि अख्ख्या लाल मिरच्या. आमच्या ह्यांनी तीन दिवस दुसरं काही खाल्लं नाही.

सुजा म्हणजे लोणी आणि मीठ घातलेला चहा. तो चहा समजून प्यायलात तर फसाल, सार समजून प्या.

घरी करून पाहायचं असेल तर भावनगरी मिरच्या घ्या, सोबत दोन-तीन तिखट टाका. पनीर वितळत नाही, ते नको. अमूलचं साधं चीज चालतं, थिंफूमध्येही लोक तेच वापरतात. चीज घातल्यावर झाकण ठेवून गॅस बंद करायचा, ढवळायचं एकदाच. आईने मागच्या रविवारी केलं होतं. लपून थोडं जिरं टाकलं होतंच तिने.