वळण केव्हा द्यायचे?

घाटकोपर-कुर्ल्याकडे राहणाऱ्या वाचकांना डोक्यावरून जाणाऱ्या विमानाचे काही नवल राहिलेले नाही. गावाकडचा पाहुणा आला तर तो मान वर करून बघतो. आपण टीव्हीचा आवाज वाढवतो आणि मोकळे होतो. पण ही विमाने एकामागे एक, ठरावीक अंतर राखून, एकाच रेषेत येतात तरी कशी, हा प्रश्न आम्हाला चाळिशी उलटल्यावर पडला, आणि तोही भाच्यामुळे.

भाचा यंदा दहावी पास झाला. जुना कॉम्प्युटर जोडजाड करून त्याने त्यावर विमान चालवण्याचा खेळ बसवला आहे. फ्लाइट सिम्युलेटर म्हणतात त्याला. ताईची तक्रार अशी, की पोरगा कानाला हेडफोन लावून रात्री उशिरापर्यंत कुणाशी तरी इंग्रजीत पुटपुटत बसतो. "तू एकदा बघ, नाहीतर ते डबडं मी भंगारात देते," असे तिने निक्षून सांगितले. म्हणून आम्ही दोन रविवार त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसलो.

व्हॅटसिम नावाचे एक जाळे २००१ पासून चालू आहे. त्यात घरबसले वैमानिक असतात, तसेच घरबसले नियंत्रकही असतात. सगळे बिनपगारी, हौशी. नियंत्रक व्हायचे तर आधी शिकावे लागते, परीक्षा द्यावी लागते. पहिल्यांदा जमिनीवरची आणि टॉवरची कामे, मग 'ॲप्रोच', म्हणजे उतरायला येणारी विमाने रांगेत लावण्याचे काम. आमचा जीव खरा रमला तो या ॲप्रोचमध्ये.

मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीचे उदाहरण घेऊ. २७ म्हणजे साधारण २७० अंश, पश्चिमेकडे तोंड. विमान उत्तरेकडून आले, तर नियंत्रक त्याला आधी १८० अंशांवर, म्हणजे सरळ दक्षिणेकडे चालवतो. मग योग्य क्षणी सांगतो, "उजवीकडे वळा, दिशा २४०." आता धावपट्टीच्या रेषेशी ३० अंशांचा कोन उरतो. तेवढ्या कोनातून आले म्हणजे धावपट्टीकडून येणारा रेडिओचा झोत विमानाला अलगद पकडता येतो. उंचीचाही हिशेब आहे. उतरणीचा कोन ३ अंशांचा, म्हणजे दर सागरी मैलाला सुमारे ३०० फूट. दहा मैलांवर ३,००० फूट. विमान उतरणीच्या खालून तिला भेटले पाहिजे. वर राहिले तर वैमानिकाला नाक खाली करून तिच्यामागे धावावे लागते, आणि वेग आवरत नाही.

सगळी गंमत 'योग्य क्षणी' या दोन शब्दांत आहे. १८० नॉट वेगाने विमान एका मिनिटात ३ सागरी मैल जाते. वळण सांगायला २० सेकंद उशीर झाला, की ते एक मैल पुढे गेले! शिवाय पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा असतो. नियंत्रक नाकाची दिशा सांगतो, पण वारा विमानाला तिरके ढकलतो. तो ढकलणार किती, हे धरूनच आकडा द्यायचा. पुढचे विमान मोठे असेल तर त्याच्या पंखांमागे हवेचे भोवरे राहतात, म्हणून मागच्या मध्यम विमानाला ५ मैल मागे ठेवायचे. आम्ही रोजकीर्द लिहिणारी माणसे. आमची बेरीज चुकली तर संध्याकाळी पुन्हा करता येते. इथे तशी सवड नाही.

खेळाबरोबर जो तयार नियंत्रक मिळतो, त्याच्यावर भाचा फार चिडतो. "मामा, तो डोकं लावत नाही. विमान वरच ठेवतो आणि धावपट्टी दिसायला लागल्यावर खाली या म्हणतो." म्हणून याला माणसांचा नियंत्रक हवा असतो. आणि ताईला जे पुटपुटणे वाटते, तो असतो रीडबॅक. मिळालेली दिशा, उंची आणि वेग वैमानिकाने जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा. टेलिफोनवर चेकचा नंबर घेताना आम्हीही तेच करतो.

हे पोरखेळ नव्हेत. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीजवळ सौदी आणि कझाक विमानांची आकाशात टक्कर झाली आणि ३४९ माणसे गेली. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायचे होते, सौदी विमान १४,००० वर होते. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीखाली उतरले. चौकशीत त्या वैमानिकांच्या इंग्रजीच्या समजेचाही प्रश्न पुढे आला. दिल्लीच्या त्या वेळच्या रडारला विमानांची उंची दिसत नव्हती. उंची कळत होती ती फक्त तोंडच्या शब्दावर.

भाच्याच्या इंग्रजीबद्दल आमचे मत बदलले ते इथे. आपल्या वस्तीतली मुले इंग्रजी म्हटले की गप्प होतात. रेडिओवर मात्र ठरलेले मोजकेच शब्द लागतात. ते स्पष्ट बोलायचे, आणि समजले नाही तर सरळ "पुन्हा सांगा" म्हणायचे. तिथे त्याची लाज कुणालाच नसते.

तरीही हौस ती हौस. तिच्या जोरावर नोकरी लागत नाही, हे आम्ही त्याला स्पष्ट सांगितले. विमानतळ प्राधिकरणात नियंत्रकाच्या पदासाठी भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंगची पदवी मागतात. प्रशिक्षण प्रयागराज, हैदराबाद आणि आपल्या गोंदियात होते. आमच्या घरात अकरावीला कॉमर्स घ्यायची जणू रीतच पडली आहे. मामा बी.कॉम. आहे, फुकट शिकवील, हे त्यातले मोठे कारण. पण कॉमर्स घेतले असते, तर ही वाट त्याच्यासाठी त्याच दिवशी बंद झाली असती.

ताईशी दोन संध्याकाळ वाद झाला. सायन्सची फी, क्लासची फी, सगळे कागदावर मांडले. शेवटी फॉर्ममध्ये सायन्स भरले. गणिताच्या क्लासची निम्मी फी आम्ही देणार आहोत, आणि हेडफोन रात्री नऊला ताईच्या कपाटात जाणार आहे. भाच्याला आता जॉयस्टिक हवी आहे. पहिल्या चाचणीचे गुण बघून सांगू, असे आम्ही म्हटले आहे.